जँगो: फुल-स्टॅकची सुरुवात करायला कसं आहे?

पायथन बऱ्यापैकी येतं आणि आता वेबकडे, म्हणजे साइटची पुढची नि मागची दोन्ही बाजू (फुल-स्टॅक) शिकण्याकडे वळायचंय, अशा पणजी-मडगावच्या विद्यार्थ्याने डोळे मिटून जँगो हे पायथनमधलं वेब फ्रेमवर्क (साइट बांधायचा तयार सांगाडा) घ्यावं. फुकट आहे आणि लॉगिन, फॉर्म, डेटाबेस, अ‍ॅडमिन सगळं सोबतच येतं. कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत ते घडलं आणि 2005 मध्ये सर्वांना खुलं झालं. बातमीदारांना भराभर मजकूर भरता यावा, ही मूळ गरज. म्हणूनच अ‍ॅडमिन पॅनेल (मजकूर भरायची-बदलायची तयार पानं) आजही त्याची सगळ्यात जमेची बाजू.

सरावाला काणकोणातल्या चार खोल्यांच्या होमस्टेचं बुकिंग घ्या. खोली, पाहुणा, बुकिंग अशी तीन मॉडेल्स (डेटाबेसच्या टेबलांचे पायथन-क्लास) पुरतात. भाड्याला डेसिमलफील्डच (नेमका दशांश आकडा साठवणारा रकाना) वापरा. फ्लोटमध्ये पैशांचा हिशेब चुकतो. लॉगिन मोबाईल नंबरवर ठेवायचं असेल तर स्वतःचं युजर मॉडेल पहिल्या मायग्रेटच्या (डेटाबेसमध्ये टेबलं बनवणाऱ्या कमांडच्या) आधीच लिहा. नंतर बदलायला गेलात की जोडलेली सगळी टेबलं उसवावी लागतात.

खरी कसोटी तारखांची. जुनं बुकिंग नवं संपण्याआधी सुरू होत असेल आणि नवं सुरू झाल्यावर संपत असेल, तर दोन्ही एकमेकांवर चढतात. ही अट लिहिली तरी डिसेंबरच्या गर्दीत दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं की दोघांनाही तीच खोली मिळते. त्यासाठी ट्रान्झॅक्शन (एकतर सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असा डेटाबेस-कामांचा गट) उघडून खोलीची ओळ सिलेक्ट-फॉर-अपडेटने कुलूपबंद करावी लागते. एसक्यूलाइटवर (नव्या प्रोजेक्टसोबत येणारा डेटाबेस) हे कुलूप लागतच नाही, आणि एररही येत नाही! म्हणून पहिल्यापासून पोस्टग्रेस हा डेटाबेस ठेवा.

वेळेचंही तसंच. नव्या प्रोजेक्टची वेळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) असते. टाइमझोन एशिया/कोलकाता केला तरी टाइमझोन-नाऊ या फंक्शनमधून काढलेली तारीख यूटीसीचीच. दाबोळी विमानतळावर उतरून रात्री दोनला पोचलेल्या पाहुण्याची नोंद आदल्या दिवशी पडते. तिथे लोकलडेट (स्थानिक तारीख देणारं फंक्शन) वापरायचं.

अधिकृत शिकवणी उत्तम आहे, फक्त सर्व्हरवर चढवणं त्यात येत नाही, आणि नवशिके नेमके तिथेच अडतात. डीबग (चुका तपशिलात दाखवणारी सेटिंग) बंद केलं की सीएसएस, म्हणजे पानांची सजावट, गायब होतं (अशा फाइली गोळा करणारी कलेक्टस्टॅटिक कमांड आणि त्या पुरवणारं व्हाइटनॉइज लावा), अलाउड-होस्ट्समध्ये (परवानगीच्या डोमेनांची यादी) डोमेन नसेल तर थेट 400 ही एरर.

उणीव म्हणाल तर फ्रंटएंडची, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या बाजूची. जँगोच्या टेम्पलेट्सवर (एचटीएमएल पानांचे साचे) होमस्टेची साइट आरामात चालते, पण नोकरीच्या जाहिरातीत रिअ‍ॅक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी) मागितलं असेल तर जावास्क्रिप्ट वेगळं शिकावंच लागेल. मग त्याला जँगोतला डेटा पुरवायला रेस्ट फ्रेमवर्क आलं, आणि 5173 पोर्टवरचं रिअ‍ॅक्ट 8000 वरच्या जँगोशी बोलताना कॉर्सची (वेगळ्या पत्त्यावरचं उत्तर ब्राउझर अडवतो, ती) अडचणही.

आवृत्ती 5.2 घ्या. ती दीर्घ मुदतीची असून तिला एप्रिल 2028 पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत.