बेडकाच्या भ्रूणाचा संच : स्लाइड उत्तम, तक्ता उलटा

ठाण्यात नौपाड्यातल्या एका प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातून आमच्या महाविद्यालयासाठी मी बेडकाच्या भ्रूणविकासाचा संच घेतला. त्यात आठ स्लाइड आणि भिंतीवर लावायचा एक तक्ता आहे.

ब्लॅस्टुला (पेशींचा पोकळ गोळा) आणि गॅस्ट्रुला (पेशींचे थर बनण्याचा टप्पा) या सुरुवातीच्या अवस्थांच्या स्लाइड ठीकठाक आहेत. न्यूरुलाचा, म्हणजे चेतासंस्था आकार घेऊ लागते त्या पुढच्या अवस्थेचा, आडवा छेद मात्र देखणा आहे. न्यूरल प्लेटच्या, म्हणजे चेतासंस्था जिच्यातून बनते त्या पट्टीच्या, दोन्ही कडा उचलून एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात आणि त्यांच्या खाली नोटोकॉर्डचा, म्हणजे पाठीतल्या आधारदांड्याचा, वाटोळा ठिपका उठून येतो. या छेदाच्या एका प्रतीत नेमका त्याच ठिपक्यावर हवेचा बुडबुडा होता. ती स्लाइड दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली.

तक्त्याचे दुखणे वेगळे आहे. त्यावर बाह्यस्तराकडे, म्हणजे भ्रूणाच्या सर्वांत बाहेरच्या थराकडे, जाणारा जाड तांबडा बाण असून ‘बीएमपी चेतासंस्था घडवते’ असे छापले आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बीएमपी हा वृद्धिघटक, म्हणजे पेशींना संदेश देणारे प्रथिन, बाह्यस्तराच्या पेशींना त्वचेकडे वळवतो आणि त्याला अटकाव झाला तरच त्या चेतापेशींच्या वाटेला लागतात. हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड या जर्मन भ्रूणशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये न्यूट या शेपटीवाल्या उभयचराच्या भ्रूणात ‘संघटक’ ऊतीचा, म्हणजे शेजारच्या पेशींना चेतासंस्थेकडे वळवणाऱ्या ऊतीचा, प्रभाव दाखवल्यानंतर कित्येक दशके चेतासंस्था ‘घडवणाऱ्या’ रेणूचा शोध चालला, आणि झेनोपस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या बेडकात हाती लागले ते १९९२ मधले नॉगिन व १९९४ मधले कॉर्डिन, म्हणजे बीएमपीला पेशीबाहेरच धरून ठेवणारी प्रथिने. त्याआधी, १९८९ मध्येच, झेनोपस भ्रूणाच्या वरच्या टोपीतल्या (बाह्यस्तर बनणाऱ्या) पेशी काही तास एकमेकींपासून सुट्या ठेवल्या की त्या आपणहून चेतापेशींकडे झुकतात, असे दिसले होते. पेपरात हमखास विचारला जाणारा भाग हाच, आणि नेमका तोच इथे चुकला आहे.

एफजीएफ या दुसऱ्या वृद्धिघटकाचे तर तक्त्यावर नावही नाही. त्याचा संदेश मॅप-कायनेज या पेशीतल्या विकरामार्गे, बीएमपीची आज्ञा पेशीत पुढे नेणाऱ्या स्मॅड-१ या प्रथिनाला, पर्यायाने त्या आज्ञेला, दुबळे करतो आणि पुढे शेपटीकडच्या बाजूची चेतासंस्था घडण्यासही हातभार लावतो. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांत मतभेद राहिले आहेत. पण निदान एक रेघ तरी त्याच्या वाट्याला यायला हवी होती.

दुकानदाराला चूक दाखवली, तर ‘सर, हाच तक्ता सगळ्या कॉलेजांत जातो’ एवढेच उत्तर मिळाले. तूर्त मी बाणाच्या टोकावर पांढरी पट्टी चिकटवून अटकावाची आडवी रेघ काढली आहे. खालचा तांबडा रंग मात्र अजून डोकावतो.