पीक कर्जाचं नवं-जुनं करून देणाऱ्या एजंटपासून सावध राहा

वाशिमकडे आमच्या काकांची चार एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर. पीक कर्ज आलं की त्यातलं बी-खताला जातं, थोडं कृषी केंद्राची मागची उधारी फेडायला आणि उरलं ते पोरीच्या कॉलेजच्या फीला, लहान शेतकऱ्याचं असंच असतं, कागदावर काही का लिहिलेलं असेना.

गेल्या वर्षी मार्चमध्ये नवं-जुनं करायचं होतं, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं काढायचं, पण जुनं 1,10,000 भरायला हातात पैसा नव्हता, सोयाबीनला भाव नाही म्हणून माल घरातच पडलेला. तेव्हा बँकेबाहेर बसणारा एक एजंट म्हणाला काका मी भरतो, नवीन कर्ज निघालं की तीन टक्के धरून परत द्या. फाईलचे वेगळे दोन हजार घेतले (3 लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला बँका प्रोसेसिंग फी घेत नाहीत हे कोणी सांगतच नाही). फॉर्मसोबत कोऱ्या विड्रॉल स्लिपांवर सह्या घेतल्या आणि केवायसीत मोबाईल नंबर त्याने स्वतःच्या माणसाचा टाकला. कर्ज मंजूर झालं 1,65,000, काकांना सांगितलं 1,35,000. त्याचे 1,13,300 कापून 21,700 हातात दिले, वरचे 30,000 सरळ खिशात. मेसेज काकांना येणारच कसा?

यंदा भरायला गेले तेव्हा काउंटरवर आकडा ऐकून काका खालीच बसले. मॅनेजर म्हणतो सही तुमचीच आहे. सही त्यांचीच आहे हो, पण आकडा कोणी लिहिला? स्टेटमेंट काढलं तर एकाच दिवशी दोन विड्रॉल. आता बँकेत लेखी तक्रार दिलीय, पोच घेतलीय, पोलिसातही अर्ज दिलाय. पण तोवर 30,000 जास्तीचे आणायचे कुठून? राज्य सरकारच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत पीक कर्ज मुदतीत फेडलं तर 3 लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं, थकलं की ती सवलतही गेली, म्हणजे चोरी त्याची आणि व्याज काकांच्या डोक्यावर. याचाच जास्त संताप येतो.

ज्यांनी मार्चमध्ये असं नवं-जुनं केलंय त्यांनी उद्याच पासबुक भरून घ्या, खात्याला नंबर कोणाचा जोडलाय ते विचारा, मंजुरी पत्राची झेरॉक्स मागा. नंबर दुसऱ्याचा निघाला तर तिथल्या तिथे अर्ज देऊन बदला. आणि कोरी स्लिप कोणी मागितली, अगदी गावातला ओळखीचा असला तरी, तर आकडा आधी स्वतःच्या हाताने अक्षरात लिहा, मगच सही करा.