पीएस५ इतकी वर्षं वापरल्यावर: मशीन झकास, पण सोनी पहिल्या नंबरवर टिकेल का?

पीएस५, म्हणजे सोनीचा गेम कन्सोल प्लेस्टेशन ५, भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना, आणि प्री-ऑर्डर काही मिनिटांत संपल्या होत्या. मला मिळाला त्याच्या पुढच्या वर्षी, तोही एका दुकानदाराने नको असलेले दोन गेम सोबत गळ्यात मारले तेव्हा. चिपचा तुटवडा होता, जगभर हीच बोंब होती. तेव्हापासून आमच्या घरी जवळपास रोज चालू आहे, त्यामुळे आता मनापासून लिहितो.

मशीन जबरदस्त आहे, यात वादच नाही. आतल्या वेगवान एसएसडी स्टोरेजमुळे लोडिंग म्हणजे काय हे विसरायला झालंय, आवाज जवळजवळ नाहीच, आणि पीएस४ चे बहुतेक सगळे गेम यावर चालतात म्हणजे जुना संग्रह वाया जात नाही. पण खरी कमाल ड्युअलसेन्स कंट्रोलरची. सोबत फुकट येणारा ॲस्ट्रोज प्लेरूम लावा, वाळूवर चालताना वेगळं जाणवतं, बर्फावर वेगळं, पाऊस पडला तर थेंब तळहाताला कळतात, धनुष्य ओढायचं असलं की ट्रिगर घट्ट होतो. माझ्या आईने आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता, तिच्या हातात दिला तर अर्धा तास सोडला नाही. स्टोरेज मात्र कमी, पहिल्या मॉडेलमध्ये ८२५ जीबी लिहिलंय पण वापरायला ६६७ च्या आसपास, आजकालचे गेम शंभर जीबीच्या घरात जातात, तेव्हा वेगळ्या बसवायच्या एम.२ एसएसडीचा, म्हणजे जादा स्टोरेजचा खर्च आधीच धरून चाला.

आता मोठा प्रश्न. आकडे बघितले तर सोनीला सध्या भीती नाही, सप्टेंबर २०२५ पर्यंत ८ कोटी ४० लाखांच्या वर पीएस५ गेलेत. एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टने तर स्वतःचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्ये पीएस५ वर आणला, म्हणजे समोरच्याने कन्सोलची लढाई अर्धी सोडलीच म्हणायची. निन्टेन्डोचा स्विच २ जोरात आहे, जून २०२५ मध्ये आला आणि चारच महिन्यांत एक कोटीच्या पुढे गेला, पण त्यांचा खेळच निराळा, आणि भारतात ते अधिकृतपणे विकतही नाहीत.

मग काळजी कसली? किमतीची. पीएस२ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ पर्यंत ९९ वर उतरला, म्हणून तो घराघरात गेला, १६ कोटी खपला. मग पीएस३ च्या वेळी हेच लोक ५९९ डॉलर मागायला लागले, एक्सबॉक्स ३६० वर्षभर आधी येऊन बसला होता, आणि निन्टेन्डोचा स्वस्तातला वी (Wii) दहा कोटींच्या वर विकून पुढे निघून गेला. पीएस४ ला शहाणे झाले, ३९९ ठेवले, एक्सबॉक्स वन ४९९ ला होता, आणि सोनी जिंकली. म्हणजे यांना हा धडा दोनदा मिळालाय! तरी पीएस५ ची किंमत वर्षं जातील तशी उतरायच्या ऐवजी चढतेय. आपल्याकडे २०२२ च्या शेवटी ५४,९९० झाली, अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये ४९९ ची ५४९. चिप पूर्वीसारख्या स्वस्त होत नाहीत हे मान्य, पण ज्या पोराला फोनवर फुकट बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) मिळतंय त्याच्या बापाने पंचावन्न हजार का घालावेत, याचं उत्तर सोनीलाच द्यावं लागेल.

आणि ते उत्तर गेममध्येच आहे. कॉन्कॉर्ड या ऑनलाइन शूटर गेमवर सोनीने किती वर्षं घालवली आणि २३ ऑगस्ट २०२४ ला आलेला गेम ६ सप्टेंबरला बंद, दोन आठवडेच! सगळ्यांना कायम ऑनलाइन गुंतवून ठेवणारे गेम काढायच्या नादात हे झालं. त्याच वर्षी सोनीच्याच टोकियोतल्या टीम असोबी स्टुडिओचा ॲस्ट्रो बॉट आला आणि गेम ऑफ द इयर घेऊन गेला, एकट्याने खेळायचा, आनंदाने भरलेला गेम. मला वाटतं सोनीने अशा टीमवर पैसा लावला तर पुढची दहा वर्षं कोणी हलवू शकत नाही.

दुसरी गोष्ट डिस्क. २०२४ मध्ये ७०० डॉलरला आलेल्या पीएस५ प्रो या महागड्या मॉडेलमध्ये डिस्क ड्राइव्हच नाही, वेगळा घ्यायचा. आपल्याकडे नवा मोठा गेम ४,९९९ च्या आसपास, दर महिन्याला कोण घेणार? आम्ही चौघं मित्र मिळून एकेक डिस्क घेतो आणि फिरवतो, संपली की विकतो, त्यातून पुढची येते. डिजिटल घेतलेला गेम विकताही येत नाही आणि मित्राला हातात देताही येत नाही. म्हणून आज घेत असाल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, डिस्कवालाच स्लिम (पीएस५ चं नवं, बारीक मॉडेल) घ्या. मी कालच एक डिस्क मित्राकडे पोचवून आलो, त्याच्याकडची शनिवारी माझ्याकडे येतेय.