हनुवटीखाली पुरळ नव्हतं: लेकीच्या सनस्क्रीनचा आठ महिन्यांचा अनुभव

आधी खरं सांगते. चार वर्षांच्या लेकीला सनस्क्रीन लावायला लागले ती काही त्वचेच्या काळजीने नाही. एप्रिलमध्ये तिची पोहण्याची बॅच सुरू झाली आणि मे महिन्यात घरात लग्न होतं. "पोरगी काळी पडली तर फोटोत कशी दिसेल?" असं दोघीतिघींनी बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतून लहान मुलांचा म्हणून एक स्प्रे घेऊन आले. बाटलीवर हसरा मासा, एसपीएफ (उन्हापासून किती बचाव त्याचा आकडा) 50, वास आंब्याच्या गोळीसारखा. रात्री तिच्या कोपराच्या आत जरासा मारून बघितला. सकाळपर्यंत काही झालं नाही, म्हणजे चालतंय असं मी ठरवून टाकलं.

दोन आठवडे खरंच चाललं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठल्या उठल्या म्हणाली, "मम्मी, तोंड खाजवालंय." गालांवर, नाकावर, मानेच्या पुढच्या बाजूला, हातांच्या बाहेरच्या अंगावर बारीक लाल पुरळ. पहिला संशय अर्थातच टाकीतल्या क्लोरीनवर. तलावावरच्या बाकीच्या आयाही तेच म्हणाल्या. आत्तींचा संशय आंब्यावर होता, दोन दिवस आंबे बंद. मेडिकलवाल्याने तर काही न विचारता एक ट्यूब पुढे केली. घरी येऊन नाव वाचलं तर आत तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं एकत्र कालवलेलं मलम. चार वर्षांच्या पोरीच्या तोंडाला! ती ट्यूब उघडलीच नाही, तेवढं एक शहाणपण त्या महिन्यात माझ्याकडून झालं.

स्किनच्या डॉक्टरांनी पुरळ नंतर बघितलं. आधी तिची हनुवटी वर उचलून खालची जागा बघितली, मग कान पुढे वाकवून कानामागे. दोन्हीकडे कातडी स्वच्छ. "क्लोरीनचं पाणी इथेही लागतं ना? स्प्रेसुद्धा इथे उडतो. मग इथेच का नाही?" असं त्यांनी मला विचारलं. मला उत्तर सुचेना. हनुवटीची सावली पडते तिथे आणि कानाच्या आडोशाला ऊन पोचत नाही. म्हणजे जे काही होतंय, त्याला नुसता स्प्रे पुरत नाही, वरून ऊनही लागतं. सनस्क्रीनमधला एखादा घटक उन्हाने बदलतो आणि शरीर त्या बदललेल्या रूपावर चिडतं. ही प्रकाशाची ॲलर्जी. ती पहिल्या दिवशी दिसत नाही. आधी शरीराला त्या घटकाची ओळख पटावी लागते, आणि मग पुरळ उठायलाही एक-दोन दिवस जातात. माझी रात्रीची कोपराची परीक्षा का फसली ते तिथे बसल्या बसल्या कळलं: चाचणीत ऊनच नव्हतं.

बाटली मी सोबत नेली होती. मागच्या बारीक अक्षरांत बेन्झोफेनोन-3 आणि ऑक्टोक्रायलीन ही ऊन अडवणारी दोन रसायनं होती, शिवाय सुगंध. पहिलं नाव म्हणजेच ऑक्सिबेन्झोन. मी कुठेतरी ऐकून ऑक्सिबेन्झोन नसलेलं घ्यायचं म्हणून शोधत होते आणि तेच दुसऱ्या नावाने घेऊन आले! सनस्क्रीनच्या प्रकाश-ॲलर्जीत ही दोन्ही नावं पुन्हा पुन्हा येतात. नेमकं कोण हे पाठीवर पट्ट्या चिकटवून, त्यावर ठरावीक किरण सोडून तपासता येतं. एवढ्या लहान पोरीला आत्ताच त्यात घालायला नको, असं डॉक्टर म्हणाल्या. स्प्रे बंद, थंड पाण्याची घडी, चार दिवस सौम्य मलम. दहा दिवसांत पुरळ गेलं. लग्नाच्या फोटोंत मात्र गाल सोललेले आहेत. ज्यांना काळजी होती त्यांनी बघून घ्यावं.

मे महिन्याच्या मध्यापासून आम्ही झिंक ऑक्साइडचं बिनवासाचं क्रीम वापरतोय. झिंक ऑक्साइड तिच्या कातडीला नवीन नव्हतं, लंगोटाच्या पुरळाला लावायच्या मलमात आणि कॅलामाइनमध्येही तेच असतं. निवडताना पुढचं 'मिनरल' (म्हणजे झिंकसारख्या खनिजाचं) वाचून फसायला नको. एका ट्यूबवर पुढे मिनरल लिहिलेलं, मागे झिंकच्या सोबत ऑक्टोक्रायलीन. ती परत ठेवली. यावेळी चाचणी डॉक्टरांनी सांगितली तशी केली: कोपराच्या आत रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस, आणि शेवटचे दोन दिवस तो हात सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा मिनिटं.

आठ महिन्यांत ते लाल पुरळ परत आलेलं नाही. पण कौतुक इथेच थांबतं. लावल्यावर पोरगी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. क्रीम चिकट आहे, पसरायला जीव जातो. आणि निघत नाही! आत्तींनी डाळीच्या पिठाने घासून काढायला सुरुवात केली, चार दिवसांत गुडघे आणि दंड लालभडक. मी घाबरले, परत ॲलर्जी! पण हे पुरळ जिथे घासलं तिथेच होतं आणि लगेच झोंबत होतं. घासणं बंद, पुरळ बंद. आता आधी खोबरेल तेलाचा हात फिरवते, मग साधी अंघोळ.

ऑक्टोबरच्या उन्हात कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्या. ती निघाली घामोळं, घामेजल्या कपाळावर जाड थर दिल्याचं. तेव्हापासून कपाळाला क्रीम नाही, टोपी.

खर्चाचं बोलू. एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावून काढतात. साध्या कॉश्च्युममधल्या चार वर्षांच्या पोरीला त्या मापाने एका वेळी आठ-नऊ ग्रॅम लागतं. 50 ग्रॅमची ट्यूब सहा वेळांत संपणार, आणि दर दोन तासांनी, पाण्यातून आल्यावर परत. एवढं कुणीही लावत नाही, मीही नाही. 30 आणि 50 मध्ये फरकही थोडाच, साधारण 97 टक्के किरण अडतात की 98. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा कॉश्च्युम घेतला, आता तीन-चार ग्रॅममध्ये भागतं. आत्ती म्हणाल्या, "आमी शेतात काय लावत हुतो? पदर घ्यायचा डोक्यावर." सांगायला आवडत नाही, पण बरोबर आहे.

वेळेचंही तसंच. आपल्या घड्याळाचा हिशेब पूर्वेकडच्या रेखावृत्तावर चालतो, त्यामुळे कोल्हापुरात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास. आमची बॅच अकरा ते बारा! मेच्या पहिल्या आठवड्यात तर इथे एक दिवस सावली पायाखालीच जाते. आता पोरीला एकच नियम शिकवलाय: सावली तुझ्यापेक्षा छोटी असली की शेडखाली थांब. तिला तो खेळ वाटतो, माझी कटकट वाचते. पावसाळ्यात जवळजवळ काहीच लावलं नाही.

दिवाळीत तारकर्लीला मात्र मी फसले. हनुवटीखालची जागा सुरक्षित असं डोक्यात पक्कं बसलेलं, तिथे क्रीम लावलंच नाही. संध्याकाळी बघते तर नेमकी तीच जागा किंचित लाल. वाळू आणि पाणी खालून ऊन परतवतात, तिथे हनुवटीची सावली काय कामाची?

येत्या एप्रिलसाठी साडेचारची बॅच मागितली आहे. ट्यूब हीच परत घेईन, बिनवासाची, घटक दोनदा वाचून. फक्त काळ्या कॉश्च्युमच्या गळ्याला झिंकचे पांढरे डाग बसलेत, ते साबणाने, सोड्याने, कशानेही निघत नाहीत. कुणाचे निघाले असतील तर कशाने ते सांगा.