कोठडीतला अत्याचार आणि सरकारचा मोफत वकील: बेळगाव भागात ही सेवा किती कामाची?

पोलीस, जेलचा शिपाई, सरकारी दवाखान्यातला कर्मचारी, यांपैकी कुणीही आपल्या ताब्यातल्या बाईवर हात टाकला, तर तिला वकील पहिल्या दिवशीच लागतो. केस कोर्टात उभी राहीपर्यंत थांबलं की पुरावा हातचा जातो. हा वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. बेळगावात जिल्हा कोर्टात जायचं, तालुक्याच्या गावी तिथल्या कोर्टातल्या समितीकडे, नाहीतर 15100 वर फोन करायचा. सेवा चांगली आहे, वापरावीच. पण काय मागायचं हे ठाऊक असलं तरच ती पुरी पडते. आणि मराठी बोलणाऱ्या बाईच्या बाबतीत ती हमखास अडखळते जबाबाच्या भाषेपाशी.

अर्ज साध्या कागदावर चालतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट नाही, कोठडीत किंवा जेलमध्ये असलेल्यालाही नाही. त्यामुळे कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला, तर कलम 12 दाखवायचं आणि अर्जाची पोच घ्यायची. हिंडलगा जेलमध्ये असलेल्या बाईचा अर्ज आतूनच जातो. अर्जात ‘पीडितेच्या बाजूने वकील हवा’ हे स्पष्ट लिहा. प्राधिकरणाचे पगारी बचाव वकील आरोपींसाठी असतात, आणि नुसतं ‘वकील हवा’ लिहिलं की अर्ज भलत्या टेबलावर जाऊन पडतो. खटला सरकारी वकीलच चालवतो. आपला वकील कोर्टाच्या परवानगीनं त्याला साथ देतो, म्हणून त्याचं खरं काम फिर्यादीपासून दोषारोपपत्रापर्यंतच्या काळातलं आहे.

कायदा या वकिलाच्या हातात बरंच देतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 64(2) खाली पोलिसानं किंवा सरकारी नोकरानं ताब्यातल्या बाईवर बलात्कार केला, तर किमान 10 वर्षं सक्तमजुरी, जास्तीत जास्त मरेपर्यंत जन्मठेप. बलात्कारात न बसणारे, पण अधिकाराचा दबाव आणून ठेवलेले शरीरसंबंध कलम 68 खाली येतात: 5 ते 10 वर्षं. विनयभंगाला 1 ते 5, कपडे उतरवायला लावण्याला 3 ते 7. या गुन्ह्यांत सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारची मंजुरी लागत नाही, आणि ‘मंजुरी आल्याशिवाय काही होत नाही’ हे ऐकून परत फिरणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं. 64(2) च्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईनं ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, की संमती नव्हती असंच कोर्टानं धरून चालायचं असतं. ही तरतूद 1983 ची. तिच्यामागे 1972 चं देसाईगंज पोलीस ठाण्यातलं, मथुरा या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराचं प्रकरण आणि सुप्रीम कोर्टानं पोलिसांना निर्दोष सोडल्यावर उसळलेला संताप आहे. अमेरिकेत पोलिसानं वर्दीच्या जोरावर केलेल्या लैंगिक चाळ्यांना, इजा किंवा हत्यार नसेल तर, नागरी हक्कांच्या फेडरल कायद्यात 2022 पर्यंत जेमतेम एक वर्षाची सजा होती. त्या वर्षी वेगळं कलम घालून ती वाढवली. आपल्याकडची कलमं त्यापेक्षा कितीतरी जुनी आणि कडक आहेत, कमी पडते ती अंमलबजावणी.

पीडित बाई अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि आरोपी त्याबाहेरचा, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा पहिल्याच फिर्यादीत लावून घ्यायचा. नंतर जोडू म्हटलं की तपास अधिकारी बदलण्यापासून सगळं रखडतं.

आता भाषेचं. बाई मराठीत सांगते, लिहिणारा कानडीत लिहितो. वाईट हेतू नसतानाही ‘ओढलं’ आणि ‘धरलं’ यांतला फरक निसटतो, किती वाजता, कुठल्या खोलीत, कोण दाराशी उभं होतं हे एका वाक्यात गुंडाळलं जातं. दोन वर्षांनी उलटतपासणीत नेमकं तेच बाहेर काढून ‘आधी असं सांगितलंच नव्हतं’ म्हणतात. उपाय सोपा आहे, पण आग्रह धरावा लागतो. फिर्याद मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहून न्यायची. गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडण्याचा हक्क घटनेच्या कलम 350 नं दिला आहे. फिर्याद बाई अधिकाऱ्यानंच नोंदवायची असते. लिहिलेलं मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, आणि एफआयआरची प्रत लगेच, फुकट. त्यानंतर मॅजिस्ट्रेटपुढचा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 चा जबाब, शक्यतो महिला मॅजिस्ट्रेटपुढे. तिथं दुभाष्या हवा, असा अर्ज वकिलानं आदल्या दिवशीच द्यायचा. हे न करणारा वकील लेखी अर्ज देऊन बदलून मागा.

ठाण्यात फिर्याद घेतच नसतील तर लेखी तक्रार पोस्टानं वर पाठवायची: शहरात पोलीस कमिशनरकडे, खानापूर-निपाणीकडे एसपींकडे. फिर्याद न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम 199 खाली 6 महिने ते 2 वर्षं शिक्षा आहे, हे पत्रातच लिहावं. घटना ज्या ठाण्यात घडली तिथंच जायची सक्ती नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होते.

दवाखान्याला एफआयआरची वाट बघायची नसते. सिव्हिल हॉस्पिटल असो की खासगी, उपचार फुकट आणि ताबडतोब. एचआयव्हीविरुद्धची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. कपडे धुवू नयेत, आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको. ओल कोंडून नमुने कुजतात. वाळवून कागदी पाकिटात, प्रत्येक कपडा वेगळा. योनीत बोटं घालून करायची ‘दोन बोटांची चाचणी’ सुप्रीम कोर्टानं मोडीत काढली आहे, कुणी करायला निघालं तर नकार द्यायचा.

सगळ्यात जास्त हलगर्जी होते ती सीसीटीव्हीत. डिसेंबर 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाप्रमाणे ठाण्यातलं चित्रण 18 महिने, सोय नसेल तरी किमान एक वर्ष ठेवायचं आहे. पण डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, भरला की जुनं पुसलं जातं. म्हणून तारीख, वेळ, लॉकअप, गेट, व्हरांडा असं नाव घेऊन ‘हे जपून ठेवा’ अशी नोटीस वकिलाकडून पहिल्याच आठवड्यात गेली पाहिजे. सोबत स्टेशन डायरीची मागणी. मुदतीत असा अर्ज करणारा वकील मिळाला, तर ही सेवा महागड्या खासगी वकिलाच्या तोडीची ठरते.

भरपाईचा अर्जही याच प्राधिकरणाकडे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2018 च्या योजनेत बलात्कारासाठी 4 ते 7 लाख रुपये आहेत. चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते, तातडीची मदत त्याआधीही मागता येते. निकालाची वाट बघू नका. एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद आणि बाईच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक एवढं जोडून अर्ज लगेच द्या. नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्याचा नंबर देऊ नका.