एनटीएससी कॅसेट आणि जुना रंगीत टीव्ही : ऑटो टिंट की हाताने टिंट?

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या लग्नामुंजीच्या व्हीएचएस कॅसेट बऱ्याच घरांत अजून आहेत. त्या एनटीएससी या तिथल्या रंगीत टीव्ही-पद्धतीत भरलेल्या असतात. माळ्यावरचा मल्टिसिस्टिम, म्हणजे आपली आणि तिथली दोन्ही पद्धती चालवणारा टीव्ही खाली काढून व्हीसीआर जोडला की पहिली तक्रार चेहऱ्यांची येते. नवरी हिरवट दिसते, नाहीतर जांभळट. अशा वेळी टिंट, म्हणजे चित्रातल्या रंगांची छटा फिरवणारी जुळणी, आपण हाताने लावायचा, की काही टीव्हींमध्ये असते ती चेहऱ्याचा रंग आपोआप सावरणारी सोय, म्हणजे ऑटो टिंट, चालू ठेवायची? मी दोन्ही भरपूर वापरून पाहिलं. माझा कौल हाताने टिंट लावण्याला आहे, पण ऑटोची बाजूही पोकळ नाही.

भारतात भरलेल्या कॅसेटना हा प्रश्न पडत नाही. दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं ते पाल या वेगळ्या पद्धतीवर. पालमध्ये रंगसंकेताचा एक भाग चित्राच्या दर ओळीला उलटवतात, त्यामुळे फेजची, म्हणजे लहर किती पुढेमागे सरकली आहे याची, चूक पुढच्या ओळीत विरुद्ध दिशेला जाते आणि दोन्ही मिळून रंग किंचित फिका होतो, बदलत नाही. एनटीएससीला ही सोय नाही. तिथे रंगाची छटा ३.५८ मेगाहर्ट्झच्या लहरीच्या फेजवरच ठरते. फेज सरकली की चेहरा सरकलाच.

ऑटो टिंट मुळात अमेरिकेतल्या अँटेनावाल्या घरांसाठी निघाला. एका चॅनलवर नीट दिसणारा चेहरा दुसऱ्या चॅनलवर बिघडायचा आणि दर वेळी उठून बटण फिरवावं लागायचं. सत्तरच्या दशकात कंपन्यांनी यावर बरीच डोकेफोड केली. मॅग्नावॉक्सने ‘टोटल ऑटोमॅटिक कलर’ आणलं. जनरल इलेक्ट्रिकच्या काही टीव्हींनी त्याहून प्रामाणिक वाट धरली : प्रक्षेपणाच्या १९व्या ओळीत केंद्राने पाठवलेला संदर्भ-संकेत वाचून टीव्ही स्वतःला जुळवून घ्यायचा. घरगुती कॅसेटमध्ये असा संकेत कुठून असणार? तिथे ऑटोला अंदाजच करावा लागतो.

तो अंदाज असा. माणूस गोरा असो, सावळा असो, काळा असो, त्वचेची छटा रंगचक्रावर साधारण एकाच दिशेला, नारिंगीच्या आसपास पडते. फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा आणि रंगाच्या गडदपणाचा. म्हणून त्या दिशेजवळचा जो रंग येईल तो नारिंगीकडे ओढायचा, की चेहरे सुधारले. आणि ते खरोखर सुधारतात. कॉपीची कॉपी केलेली कॅसेट असेल, प्रसंगागणिक छटा हलत असेल, तर ऑटो चालू केल्यावर लगेच हायसं वाटतं.

माझं मन उडालं ते हळदीच्या प्रसंगात. रंगचक्रावर त्वचेच्या एका बाजूला लाल असतो आणि दुसऱ्या बाजूला पिवळा. ऑटो दोघांनाही मधल्या नारिंगीकडे खेचतो. नवरीच्या गालावरची हळद भगवट झाली, कपाळावरचं कुंकू विटकरी होऊन त्वचेत मिसळलं, आणि राणी रंगाच्या शालूतली निळसर झाक निघून तो नुसता लालसर राहिला. चेहरा ‘बरोबर’ होता, पण चेहऱ्यावरचं सगळं एकाच रंगात कालवलेलं. आपल्या समारंभांत हळद, कुंकू, गुलाल, अष्टगंध हे सगळं नेमकं त्वचेवरच असतं. त्या रंगांचा त्वचेपासूनचा वेगळेपणा पुसला गेला, तर ती कॅसेट लावण्यात मला अर्थ वाटत नाही. सगळ्या टीव्हींत ही ओढ इतकी जोराची असेल असं नाही. माझ्या टीव्हीत होती.

हाताने लावलेला टिंट सगळं रंगचक्र एकदम फिरवतो, म्हणून हळद आणि कुंकू यांच्यातलं अंतर शाबूत राहतं. मी उन्हातला एखादा चेहरा थांबवून घेतो, आधी हिरवट, मग जांभळट टोकाला जातो आणि मध्ये येतो. मग गवत आणि हळद पाहून एखादी पायरी इकडे-तिकडे. जुळलेला आकडा कॅसेटच्या लेबलवर लिहितो. चॅनल बदलण्याचा प्रश्नच नसल्याने पुढे फारसं उठावं लागत नाही. पिवळ्या बल्बखाली चुकीच्या व्हाइट बॅलन्सने (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असलेल्या कॅमेऱ्याच्या जुळणीने) घेतलेलं चित्रीकरण मात्र टिंटने सुधारत नाही, कारण टिंट पांढऱ्याला हात लावत नाही. तिथे ऑटोही फक्त चेहऱ्यापुरती मलमपट्टी करतो.

टिंटला हात लावण्याआधी ‘कलर’ शून्यावर आणून कृष्णधवल चित्र पाहा. करड्या भागात गुलाबी किंवा हिरवी झाक असेल, तर दोष पिक्चर ट्यूबच्या जुळणीत आहे. ते काम जाणत्या मेकॅनिककडे द्या. आत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

व्हीसीआरही तपासा. बरेच पाल व्हीसीआर एनटीएससी कॅसेटचा रंग पालसारखा करून देतात. मग टीव्ही पालच समजतो आणि मेनूतला टिंट चालतच नाही. मागे किंवा मेनूत ‘एनटीएससी ४.४३’ असा पर्याय असेल तर तो निवडा, टिंट परत हाती येतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना रिमोटशी झटापट नको असेल आणि कॅसेट अगदीच झिजलेली असेल, तर ऑटो खुशाल चालू ठेवा. टीव्ही अजून घ्यायचाच असेल, तर एनटीएससी संकेत देऊन दोन गोष्टी पाहून घ्या : टिंट मेनूत दिसतो का, आणि ऑटो पूर्ण बंद होतो का. काही टीव्हींत ही ओढ आतच बसवलेली असते आणि ती बंद करायला बटणच नसतं. असा टीव्ही मी तरी घेणार नाही.