टपाल-एक्स्प्रेस डब्यांचा संच: डबे अस्सल, मार्गकार्डे मात्र चुकलेली

गेले चार महिने माझ्या १:८७ प्रमाणातील खेळण्याच्या प्रतिकृती-रेल्वेच्या रुळांवर अमेरिकी टपाल आणि एक्स्प्रेस (म्हणजे तिकडची जलद पार्सल सेवा) डब्यांचा एक संच धावतो आहे. संचात सहा डबे आहेत: एक पूर्ण लांबीचा फिरत्या टपाल कार्यालयाचा डबा (यात धावत्या गाडीतच पत्रांची गावांनुसार वर्गवारी, म्हणजे छाननी, होत असे), टपालाची पोती भरून नेणारे दोन साठवणूक डबे, एक्स्प्रेस मेसेंजरसाठीचा, म्हणजे पार्सलांसोबत जाणाऱ्या कर्मचाऱ्यासाठीचा, एक डबा, नाशवंत मालाचा एक शीतडबा आणि प्रवाशांच्या सामानाचा एक साधा डबा. त्यांच्यासोबत मार्गकार्डांची एक गड्डी येते. कोणता डबा कोठून निघेल आणि कोठे सोडायचा, हे त्या कार्डांवर छापलेले असते. खरे तर हा संच मी त्या कार्डांसाठीच मागवला, कारण सुंदर डबे अनेक निर्माते करतात, पण त्या डब्यांचा प्रवास समजावून सांगणारे साहित्य क्वचितच मिळते.

जुन्या अमेरिकी प्रवासी गाडीत इंजिनामागून पहिली प्रवासी खिडकी दिसेपर्यंत कधी दोन, तर कधी दहा-बारा डबे असत. गाडीच्या या भागाला तिकडे ‘हेड एंड’ म्हणत आणि कित्येक गाड्यांचा खर्च प्रवाशांच्या तिकिटांपेक्षा याच भागाच्या मिळकतीवर निघत असे. त्यातला प्रत्येक डबा त्या गाडीचा कायमचा सभासद नसे. गाडी ही त्याच्या प्रवासाचा एक टप्पा असे. एका रेल्वेचा डबा दुसऱ्या रेल्वेच्या गाडीला जोडून तिसऱ्या रेल्वेच्या शहरापर्यंत जाई. संच चांगला की वाईट हे मी याच एका कसोटीवर ठरवणार होतो.

डब्यांबद्दल आधी सांगतो, कारण तेथे कौतुकच अधिक आहे. टपाल कार्यालयाचा डबा तर मन लावून केलेला आहे. अमेरिकी टपाल खात्याने रेल्वेकडून घ्यायच्या जागेची मापे ठरवून दिली होती: पूर्ण डबा ६० फुटांचा, आणि जेथे तेवढी गरज नसेल तेथे दुसऱ्या डब्यात ३० किंवा १५ फुटांची टपालखोली. १९१६ च्या कायद्यानंतर रेल्वेला मोबदलाही वजनावर न मिळता जागेच्या हिशेबाने मिळू लागला, म्हणून ही मापे केवळ सोयीची नव्हती, त्यांच्यावर पैशांचा हिशेब चाले. ६० फुटांची खोली या प्रमाणात जवळपास २१ सेंटिमीटर होते; मी मोजपट्टी लावून पाहिले, माप बरोबर आहे. छप्पर उचलले की आत एका बाजूला पत्रांच्या खणांची फडताळे आणि दुसऱ्या बाजूला पोती अडकवायच्या लोखंडी चौकटी दिसतात. बाहेरून डब्याच्या अंगावर पत्र टाकण्याची फट आहे, तीही योग्य उंचीवर; स्थानकात गाडी थांबलेली असताना कोणीही तेथे पत्र टाकू शकत असे आणि त्या पत्रावर शहराचा नव्हे, तर मार्गाच्या नावाचा शिक्का पडत असे. दारावरचा पकडदांडा, म्हणजे न थांबता जाताना खांबाला टांगलेली थैली ओढून घेणारा लोखंडी हात, बारीक पितळी तारेचा आहे आणि तो खरोखर वळतो. एवढ्या लहान वस्तूवर एवढे लक्ष दिलेले पाहून फार समाधान वाटले.

शीतडब्यात मात्र एक चूक आहे आणि ती मला सोडून देता येत नाही. त्याच्या टोकांना फक्त ब्रेकची नळी दाखवली आहे. प्रवासी गाडीतून जाणाऱ्या कोणत्याही डब्याला, आत माणूस असो वा फळांच्या पेट्या असोत, वाफेची आणि संकेताची (मागच्या डब्यांतून इंजिनचालकाला हवेच्या दाबाने इशारा देणारी) नळी लागतच असे, कारण प्रवासी डब्यांना ऊब देणारी वाफ इंजिनाकडून या पुढच्या डब्यांच्या पोटाखालूनच मागे जाई. मधल्या एकाच डब्याला ती नळी नसेल, तर त्यामागचे सगळे प्रवासी थंडीत कुडकुडतील. एक्स्प्रेसचा शीतडबा आणि मालगाडीचा शीतडबा यांतला मुख्य फरक वेगाने धावू शकणाऱ्या चाकजोड्यांइतकाच या नळीतही आहे. मी तांब्याची तार वाकवून ती लावून घेतली. अर्ध्या तासाचे काम आहे, पण ते ग्राहकावर पडायला नको होते.

खोक्यावर ‘१९३० ते १९७०’ असा काळ छापला आहे, तोही ताणलेला आहे. एक्स्प्रेस डब्यांवर रेल्वे एक्स्प्रेस एजन्सीचे लाल चौकटचिन्ह आणि पूर्ण नाव आहे. रेल्वे कंपन्यांच्याच मालकीची ही संस्था १९२९ मध्ये कामाला लागली, म्हणजे सुरुवातीचे वर्ष ठीक आहे; परंतु १९६० मध्ये तिने आपले नाव आखूड केले आणि १९६७ मध्ये टपाल खात्याने रेल्वेगाड्यांवरची छाननी मोठ्या प्रमाणावर काढून घेतली. त्या निर्णयानंतर कित्येक प्रवासी गाड्याही बंद पडल्या. न्यू यॉर्क आणि वॉशिंग्टन यांच्यामधला शेवटचा मार्ग ३० जून १९७७ पर्यंत टिकला हे खरे, पण तो अपवाद होता. ज्याला हा संच प्रामाणिकपणे चालवायचा आहे त्याने १९५९ च्या पुढे जाऊ नये.

आता कार्डांकडे येतो. ती सांता फे रेल्वेच्या ७ आणि ८ क्रमांकांच्या फास्ट मेल एक्स्प्रेस डोळ्यांसमोर ठेवून छापली आहेत. निवड उत्तम आहे, कारण शिकागो आणि लॉस एंजेलिस यांच्यामध्ये धावणाऱ्या या गाड्यांचे मुख्य काम टपाल आणि एक्स्प्रेस माल हेच होते. पण संचातील सहाही डबे कार्डांनुसार शिकागोहून एकत्र निघतात आणि लॉस एंजेलिसला एकत्र पोहोचतात. येथेच सगळा अर्थ हरवतो.

न्यू यॉर्कला भरून सीलबंद केलेला साठवणूक डबा घ्या. तो न्यू यॉर्क सेंट्रल रेल्वेच्या गाडीने आला, तर शिकागोत ला सॅल स्ट्रीट स्थानकात उतरेल. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने आला, तर युनियन स्टेशनात. सांता फेच्या गाड्या मात्र डिअरबॉर्न स्थानकातून सुटत. म्हणजे तो डबा शहरातल्या शहरात एका स्थानकातून दुसऱ्या स्थानकाच्या यार्डात न्यावा लागे आणि पश्चिमेकडच्या गाडीची वेळ गाठण्यासाठी हाती असलेल्या थोड्या तासांत हे सगळे शंटिंग उरकावे लागे. सांता फेच्या गाडीत पेनसिल्व्हेनियाचा गोल छपराचा लाल डबा दिसतो तो याचमुळे. संचातले दोन्ही साठवणूक डबे एकाच रेल्वेच्या नावाचे आहेत, ही मला सर्वांत मोठी चुकलेली संधी वाटते.

दोन साठवणूक डब्यांतही फरक असे. ज्यातली पोती थेट शेवटच्या शहरासाठी असत तो डबा वाटेत उघडायचा नसे. तो कोठेही लावला तरी चाले. ज्यातली पोती वाटेत छाननीला घ्यायची असत तो डबा मात्र टपाल कार्यालयाच्या डब्याला लागूनच हवा, म्हणजे कारकुनांना धावत्या गाडीत पोती ओढून आत आणता येतात. टपाल कार्यालयाचा डबा तरी आरंभापासून अंतापर्यंत त्याच माणसांसह जात असे काय? तसे नव्हते. मार्गांचे तुकडे पाडलेले असत, आपापल्या तुकड्यातली गावे आणि त्यांची जोडगाड्यांची वेळापत्रके कारकुनांना पाठ असत, आणि छाननीच्या परीक्षेत ९७ टक्के अचूकता लागे. तुकडा संपला की माणसे उतरत. कार्डांवर याचा उल्लेखही नाही.

डब्यांच्या क्रमाचेही तेच. जो डबा आधी सोडायचा तो इंजिनाला लागून ठेवला, तर मधल्या स्थानकात इंजिन तेवढाच डबा घेऊन पुढे सरकते, तो बाजूच्या रुळावर ढकलते आणि परत येऊन गाडीला लागते. मागचे प्रवासी डबे फलाटावरून हलतही नाहीत. तोच डबा चुकून मधे लागला, तर दोनदा-तीनदा मागेपुढे करावे लागते आणि वेळापत्रकातली दहा मिनिटे जातात. मी हे रुळांवर करून पाहिले. छापील कार्डांप्रमाणे शीतडबा प्रवासी डब्यांना खेटून होता. कॅन्सस सिटीला तो सोडायचा असे मी ठरवले, तेव्हा पुढचे पाचही डबे त्याच्यासोबत ओढावे लागले. तो इंजिनामागे घेतल्यावर एका खेपेत काम झाले.

परतीच्या कार्डांवर सगळे डबे भरलेले दाखवले आहेत, हेही खटकते. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारे साठवणुकीचे टपाल उलट दिशेपेक्षा बरेच जड असे, म्हणून रिकामे डबे मिळेल त्या गाडीला जोडून पूर्वेकडे परत पाठवावे लागत. रिकाम्या डब्यांचे हे फिरणे दाखवायला वेगळा खर्चही नव्हता. दोन कार्डे पुरली असती.

एवढे असूनही मी हा संच परत केला नाही आणि करणारही नाही. डबे रुळांवरून सुरेख चालतात, जोडण्या वळणावर सुटत नाहीत, आणि टपाल कार्यालयाच्या डब्याच्या तोडीचा डबा या किमतीत मी पाहिलेला नाही. घेणाऱ्याने गड्डी बाजूला ठेवून कोऱ्या कार्डांवर प्रत्येक डब्याचे मूळ शहर, मालक रेल्वे, भरलेला की रिकामा आणि सोडायचे स्थानक एवढे चार तपशील स्वतः लिहावेत. साठवणूक डबा सुटाही मिळतो. शक्य असेल तर वेगळ्या रेल्वेच्या नावाचे आणखी दोन घ्यावेत आणि त्यांतला एक सीलबंद धरून शिकागोच्या यार्डातून एकट्याने फिरवून आणावा.